स्वेच्छेचा सैनिक आणि लोकांना नकोसे युद्ध

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस आजच्या व्याख्यानाचे निमंत्रण दिले आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. वार्षिक संमेलनात शिक्षणाचा प्रसार, विवाहातील अवाजवी खर्च, वसतिगृहाची निकड अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. आम्ही आज घेतलेला विषय वरवर पाहता राजकारणाचा किंवा युद्धशास्त्राचा वाटेल. परंतु तो मुळात घरातला आहे. ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा जावई आज सीमेवर आहे अशी कुटुंबे आपल्या समाजात आहेत. आणि ज्यांच्या भिंतीवर गणवेषातील छायाचित्राला हार घातलेला आहे, अशीही आहेत. त्या कुटुंबांशी आपण कोणत्या भाषेत बोलावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तो प्रश्न असा मांडता येईल. जो तरुण आपण होऊन सैन्यात दाखल झाला, त्याला पुढे अशा युद्धावर धाडले गेले की जे देशातील लोकांना नकोसे झाले आहे, तर त्या युद्धाचा भार त्याने आणि त्याच्या घरच्यांनी एकट्याने वाहावा काय? याला एक तयार उत्तर आहे, आणि ते आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकलेले आहे. “त्याला कोणी सक्ती केली नव्हती. तो स्वखुशीने गेला, पगार घेतला. आता गाऱ्हाणे कसले?” हे उत्तर कोणा दुष्ट माणसाचे असते असे नाही. पुष्कळदा भले लोकही ते देतात. या उत्तरात तथ्य किती आणि ऐकणाऱ्याची सोय किती, हे तपासणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. नकोसे युद्ध म्हणजे अन्याय्य युद्ध असे आम्ही मानीत नाही. लोकप्रिय झालेली कित्येक युद्धे इतिहासाने चुकीची ठरविली आहेत, आणि लोकांनी नाके मुरडली अशी काही कामे पुढे आवश्यक ठरली आहेत. तेव्हा कोणते युद्ध बरोबर आणि कोणते चूक याचा निवाडा आम्ही येथे करावयास बसलो नाही. युद्ध बरोबर असो वा चूक, त्याची जबाबदारी कोणाची आणि त्याचा भार कोणाचा, एवढेच पाहावयाचे आहे.

आता ‘स्वेच्छा’ या शब्दाकडे वळू. आपल्याकडे पूर्वी विडा उचलण्याची चाल होती. भर दरबारात तबकात विडा ठेवला जाई. मोहीम कोणती, शत्रू कोण, हे सर्वांसमक्ष बोलले जाई. आणि ज्याची छाती असेल तो पुढे होऊन विडा उचली. विजापूरच्या दरबारात अफझलखानाने असा विडा उचलल्याची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. असा विडा उचलणाऱ्याने मोहीम जाणून पत्करलेली असे. उद्या ती फसली, तर “तू होऊन गेला होतास” असे त्याला म्हणता येत असे.

आजच्या सैनिकाचा विडा तसा नाही. तो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या मैदानावर धावतो, छाती मोजून घेतो, आणि प्रशिक्षण पुरे झाल्यावर शपथ घेतो. जमिनीवरून, समुद्रावरून किंवा आकाशमार्गाने, जेथे पाठवाल तेथे जाईन. वरिष्ठांची आज्ञा जिवावर बेतली तरी पाळीन, असा त्या शपथेचा आशय आहे. या शपथेत कोणत्याही युद्धाचे नाव नाही, शत्रूचे नाव नाही. विडा त्याने उचलला हे खरे. पण तबकात काय ठेवले जाणार, हे त्याने विडा उचलल्यावर पुढे दहा-पंधरा वर्षे दुसरेच लोक ठरवीत असतात. आणि एकदा शपथ घेतल्यावर मागे फिरण्याची वाट नाही. १९५० च्या सेना अधिनियमाप्रमाणे प्रत्यक्ष युद्धसेवेवर असताना पळून जाण्याचा अपराध देहान्त शिक्षेपर्यंत जाऊ शकतो.

याहून एक गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकाचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि त्यानुसार सैनिकास राजकीय सभेत जाता येत नाही, वृत्तपत्रांत मनास येईल ते लिहिता येत नाही, संघटना करता येत नाही. हे आवश्यकच आहे. ज्या देशात सैन्य राजकारण बोलू लागते त्या देशाची दशा काय होते, हे आपण शेजारी पाहिलेले आहे. आपल्या सैन्याने ही मर्यादा स्वातंत्र्यापासून पाळली, हे आपल्या लोकशाहीवर त्याचे मोठे उपकार आहेत. परंतु त्यातून एक कर्तव्य निघते. ज्याचे तोंड आपण आपल्याच हितासाठी कायद्याने बंद केले, त्याच्या वतीने बोलण्याचे काम कोणाचे? ते उरलेल्या नागरिकांचे आहे. सैनिक आज्ञेबद्दल प्रश्न विचारीत नाही, तो यासाठी की तो प्रश्न आपण विचारू, असा एक अलिखित करार त्याच्या व आपल्यामध्ये आहे. “तो स्वखुशीने गेला” असे म्हणून आपण गप्प बसलो, तर त्याने आपली बाजू पाळली आणि आपण मोडली, असे होते.

आता तो स्वखुशीने का जातो तेही पाहू. महाराष्ट्राचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, रत्नागिरी या भागांतून पिढ्यान् पिढ्या सैन्यात जाण्याचा जो रिवाज पडला, त्यात शौर्याची परंपरा आहे, तशीच कोरडवाहू जमीन आणि घरात खाणारी तोंडे, हीदेखील आहेत. ही कारणे सांगण्यात कमीपणा काहीच नाही. पोटासाठी केलेले काम निष्ठेने करता येत नाही, असे कोणी म्हटलेले नाही.

पण केवळ पोटासाठी माणूस जातो असेही नव्हे. महार समाजाची सैन्यभरती इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विनंतीपत्र धाडले. १९१७ साली, युद्धाची गरज पडली तेव्हा, सरकारने १११ वी महार पलटण उभारली. आणि गरज सरताच १९२१ साली मोडून टाकली. शेवटी १९४१ साली बेळगावी महार रेजिमेंट उभी राहिली. एवढ्या पिढ्यांनी जे मागितले ते केवळ वेतन नव्हते. आम्हीही या भूमीचे रक्षण करू शकतो, आम्हांसही ती प्रतिष्ठा मिळावी, ही ती मागणी होती. म्हणजे भरतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या तरुणाच्या मनात भाकरी असते, मान असतो, वडिलांचा व आजोबांचा कित्ता असतो, आणि देशही असतो. अमुक एका युद्धाला संमती मात्र त्यात नसते. कारण ते युद्ध तेव्हा जन्मालाही आलेले नसते.

परक्या सत्तेच्या काळात तर ही गोष्ट उघडच होती. पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन १९१५ साली मेसोपोटेमियात टायग्रिस नदीकाठी लढत होती. तिच्यात १०३ व ११० क्रमांकांच्या मराठा लाइट इन्फंट्री पलटणी आणि ११७ वी मराठा पलटण होती. कूत येथे डिसेंबर १९१५ पासून त्या वेढ्यात सापडल्या, उपासमारीने जर्जर झाल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापती टाऊनशेंड यांनी शरणागती दिल्यावर कैदेत गेल्या. त्यांतले पुष्कळजण कधीच परतले नाहीत. ते सारे स्वेच्छेने भरती झालेले होते. बगदादकडे कूच करण्याचा निर्णय मात्र त्यांचा नव्हता, त्यांच्या गावचा नव्हता, त्यांच्या देशाचाही नव्हता.

१९१८ साली लोकमान्य टिळक आणि गांधीजी या दोघांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. गांधीजींनी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट केली. ज्या गावांनी सत्याग्रहात त्यांना डोक्यावर घेतले, तीच गावे आता गाडी द्यावयासही कुरकुरू लागली. टिळकांची भूमिका निराळी होती. हिंदी लोकांस सैन्यात अधिकाराच्या जागा देण्याचे वचन सरकारकडून मिळत असेल, तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसे आपण देऊ, असे त्यांनी कळविले आणि हमी म्हणून पन्नास हजार रुपयांचा धनादेश गांधीजींकडे पाठविला. मदत सौदा म्हणून करू नये, असे म्हणून गांधीजींनी तो परत केला. या दोन थोर पुरुषांत कोणाचे बरोबर, हा वाद आम्ही आज उकरीत नाही. पण टिळकांच्या त्या मागणीत एक मर्म आहे. ज्याने रक्त द्यावयाचे त्याला त्या कारभारात अधिकारही असला पाहिजे, हे ते मर्म होय. १९३९ साली व्हाइसरॉयने हिंदुस्थानच्या लोकप्रतिनिधींस न विचारता युद्ध पुकारले, म्हणून मुंबई इलाख्यातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आणि तरीही त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे स्वेच्छेने सैन्यात गेली. लोक एकीकडे, सैनिक दुसरीकडे, ही दुफळी तेव्हा पारतंत्र्यामुळे होती. स्वातंत्र्यात ती राहता कामा नये, अशी आपली अपेक्षा होती.

ती अपेक्षा श्रीलंकेत कसाला लागली. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि भारतीय शांतिसेना त्या बेटावर उतरली. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारीत असताना श्रीलंकेच्या नौदलातील एका शिपायाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला; एवढा त्या कराराविरुद्ध तेथील सिंहली लोकांत रोष होता. आपल्या सैनिकांस सांगितलेले काम शांतिरक्षणाचे होते. जाताना कित्येकांचे स्वागत झाले, हार पडले. अडीच महिने उलटण्यापूर्वीच, १० ऑक्टोबर रोजी, ज्या तामिळ वाघांची शस्त्रे खाली ठेववावयाची त्यांच्याशीच लढाई जुंपली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने उतरविलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस जण मारले गेले. शांतता राखावयास गेलेला सैनिक रात्रीतून युद्धात सापडला. त्याला कोणी विचारले नव्हते. आणि विचारावयाचे नसते, हेही आम्ही वर सांगितलेच आहे.

त्याच युद्धात २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. परमेश्वरन हे जन्माने मुंबईकर. हातघाईच्या लढाईत छातीत गोळी लागली असता त्यांनी शत्रूच्या हातची बंदूक हिसकावून त्यालाच पाडले आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या जवानांना आज्ञा देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ज्या रेजिमेंटसाठी एका समाजाने जवळजवळ अर्धशतक अर्ज-विनंत्या केल्या, तिच्या एका पलटणीचा हा पराक्रम आहे. आणि तो गाजविणारा अधिकारी मुंबईत वाढलेला तामिळ भाषक, लढला तो तामिळ भाषकांच्याच एका सशस्त्र संघटनेशी. सैनिकाच्या शपथेचे वजन किती असते, हे याहून अधिक स्पष्ट कोणत्या उदाहरणाने होईल?

पुढे काय झाले? शांतिसेना वाढत वाढत चार डिव्हिजनांपर्यंत गेली. सिंहली लोकांना ती नको होती, तामिळ लोकांना नकोशी झाली, आणि आपल्या देशातही तिच्याविषयी उत्साह उरला नाही. श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदास यांनी १९८९ साली तिला निघून जाण्यास सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीतील सरकार बदलले आणि नव्या सरकारने सैन्य परत आणण्याचे काम पुरे केले. २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी तेथून निघाली. ती मद्रास बंदरात उतरली तेव्हा स्वागतास येण्याचे तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी नाकारले. अकराशेहून अधिक जवान तेथे कामी आले होते. नऊ वर्षांनी, १९९९ साली, कारगिलच्या युद्धात ५२७ जवान धारातीर्थी पडले. त्या वेळी गावोगावी शवपेट्या पोचल्या, हजारो लोक अंत्ययात्रेला लोटले, शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. ते सर्व उचितच होते. परंतु श्रीलंकेत पडलेल्यांची संख्या त्याच्या दुपटीहून अधिक होती, आणि त्यांच्यासाठी असे किती गाव लोटले? मरणारा जवान दोन्हीकडे सारखाच होता. शपथ तीच, वेतन तेच, घरी वाट पाहणारी आईही तशीच. फरक होता तो युद्धाच्या लोकप्रियतेत. आणि लोकप्रियता ही जवानाने कमवावयाची गोष्ट नाही.

येथे सत्यास धरून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. शांतिसेनेवर नागरिकांच्या हत्येचे आरोप झाले. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना येथील रुग्णालयात जे घडले त्याची आठवण तेथील लोक आजही काढतात. सैनिकाचा सन्मान करावयाचा म्हणजे असल्या गोष्टींवर पांघरूण घालावयाचे, असा आमचा आशय नाही. ज्याने अपराध केला त्याचा जाब त्याला द्यावाच लागेल. परंतु अपराध नसलेल्या हजारो जवानांना, केवळ ते युद्ध आपल्याला नकोसे झाले म्हणून, विस्मृतीची शिक्षा देणे हा वेगळा अन्याय आहे. पहिल्या अन्यायाने दुसरा झाकत नाही.

या प्रश्नावर दुसऱ्या एका लोकशाही राष्ट्राने काय अनुभविले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धासाठी सक्तीची भरती होती. १ डिसेंबर १९६९ रोजी तर काचेच्या भांड्यातून जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून कोणी आधी जावयाचे ते ठरविण्यात आले. विद्यार्थ्यांना सूट मिळे, म्हणून ज्याला महाविद्यालय परवडे तो वाचे आणि ज्याला न परवडे तो जाई. ५८ हजारांवर माणसे गमावल्यावर, १९७३ साली, त्या देशाने सक्ती रद्द करून स्वेच्छेचे सैन्य पत्करले. तीस वर्षांनी इराकचे युद्ध आले. ज्या संहारक शस्त्रांचे कारण सांगितले गेले ती सापडली नाहीत, आणि लोकांचे मन त्या युद्धावरून उडाले. पण युद्ध चालूच राहिले. ज्यांच्या नोकरीची मुदत संपली त्या जवानांना आज्ञेने अडकवून ठेवण्यात आले. २००७ साली एका खेपेची मुदत बारा महिन्यांवरून पंधरा महिने करण्यात आली. तीच ती माणसे पुन्हा पुन्हा पाठविली गेली. आणि ज्या २००३ साली हे युद्ध सुरू झाले, त्याच साली बाकीच्या नागरिकांचे कर कमी करण्यात आले! शेकडा एकाहून कमी लोकांनी युद्ध लढले, बाकीच्यांनी ते दूरदर्शनवर पाहिले.

हे पाहून कोरियाच्या युद्धात स्वतः लढलेले काँग्रेसचे सभासद चार्ल्स रँगेल यांनी २००३ च्या जानेवारीत सक्तीची भरती पुन्हा सुरू करण्याचे विधेयक मांडले. युद्धाचा निर्णय करणाऱ्यांची मुलेही त्यात जाणार असतील तर निर्णय विचारपूर्वक होतील, हा त्यांचा युक्तिवाद. २००४ साली ते मतास आले, तेव्हा बाजूने केवळ २ मते पडली, विरुद्ध ४०२. आणि विरुद्ध मत देणाऱ्यांत रँगेल स्वतःही होते! घाईने मतास टाकून आपल्या प्रश्नाची थट्टा केली जात आहे, अशी त्यांची तक्रार होती. उत्तर कोणालाच नको होते. पण प्रश्न मात्र खोटा नव्हता.

मग सक्तीची भरती हा उपाय आहे काय? आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदात सार्वजनिक कार्यासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्यास आहे. आणि तशी सेवा लादताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेद करता येणार नाही, अशी अटही तेथे आहे. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना ही अट आम्हांस मुद्दाम सांगावीशी वाटते. तथापि सक्ती हा उपाय आम्हांस मान्य नाही. सक्तीतही श्रीमंताची पळवाट असते, हे व्हिएतनामने दाखविले. शिवाय १४० कोटींच्या देशात हजारामागे एकाच्या आसपास माणूस सैन्यात लागतो. तेथे सर्वांना सक्ती करणे अशक्य, आणि काहींनाच करणे म्हणजे पुन्हा चिठ्ठ्या आल्या. अनिच्छेने उभ्या केलेल्या जवानाच्या खांद्याला खांदा लावून लढणे कसे असते, तेही खऱ्या सैनिकालाच विचारावे. तेव्हा सैन्य स्वेच्छेचेच असावे. पण सैन्य स्वेच्छेचे आहे म्हणून युद्ध फुकटचे आहे, असे मात्र राष्ट्राने समजू नये.

कोणी म्हणेल, युद्ध चालू असताना त्यावर चर्चा केली तर जवानाचे मनोधैर्य खचते. या आक्षेपात तथ्यांश आहे. जवान गोळ्या खात असताना चव्हाट्यावर त्याचीच निंदा करणे हे हीनपणाचे आहे. परंतु युद्धाविषयी प्रश्न विचारणे आणि जवानाला दोष देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट जितक्या स्पष्टपणे होईल तितकी दुसरीची गरज उरत नाही. प्रश्न योग्य जागी, म्हणजे निर्णय करणाऱ्यांना, विचारले गेले नाहीत म्हणजेच लोकांचा राग वाट चुकून सैनिकाच्या दारात जातो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. स्वेच्छेने गेलेल्या सैनिकाने युद्धातील धोका पत्करला आहे, युद्धाची जबाबदारी पत्करलेली नाही. धोका त्याचा, जबाबदारी आपली. त्यातून राष्ट्रावर तीन ऋणे येतात. पहिले ऋण युद्धापूर्वीचे. सैन्य परदेशी पाठविण्यापूर्वी संसदेचे मत घेतलेच पाहिजे असे बंधन आपल्या घटनेत स्पष्ट शब्दांत नाही. म्हणून हेतू काय, मर्यादा काय आणि परत केव्हा यावयाचे, हे उघडपणे विचारण्याची चाल तरी आपण आपल्या प्रतिनिधींकडून मागावी. दुसरे ऋण युद्ध चालू असतानाचे. तोच खांदा पुन्हा पुन्हा वापरू नये, आणि खर्चाचा वाटा नागरिकांनी कररूपाने आनंदाने उचलावा. तिसरे ऋण युद्धानंतरचे. युद्ध जिंकले की हरले, लोकांना आवडले की न आवडले, हे न पाहता जखमी जवान आणि मृताचे कुटुंब यांना समान मान व समान साहाय्य मिळावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले आणि तेथे पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरण्यात आली. त्यांत श्रीलंकेत पडलेल्यांचीही नावे आहेत. हे तिसऱ्या ऋणाच्या फेडीचे उशिरा पडलेले, पण योग्य पाऊल आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली चार वर्षांच्या मुदतीने तरुण घेतले जातात आणि त्यांतील पाव हिश्श्यापर्यंत लोक पुढे कायम होतात. जो तरुण अल्पमुदतीसाठी जातो त्याचेही ऋण अल्प नसते, एवढे या संदर्भात ध्यानी ठेवावे.

राष्ट्राचे कर्तव्य सांगून ज्ञातीचे विसरणे बरे नव्हे. म्हणून मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पदवीधरांची व देणगीदारांची यादी येते. तीत सैन्यात असलेल्यांची आणि कामी आलेल्यांची यादीही यावी, आणि तीत युद्धायुद्धांत भेद असू नये. कारगिलच्या नावाशेजारी जाफन्याचे नाव त्याच टंकात छापले जावे. दुसरी सूचना अशी की निवृत्तिवेतनाचे, नुकसानभरपाईचे व मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पोचविण्यासाठी मंडळाने दोन जाणते गृहस्थ नेमावेत. कारण हक्क असूनही कागदाअभावी तो मिळत नाही, अशी उदाहरणे कमी नाहीत.

तिसरी सूचना नाजूक आहे, पण ती ज्ञातिसंस्थेखेरीज दुसऱ्या कोणी करण्याजोगी नाही. शौर्यपदक मिळविलेल्या मृत जवानाच्या पत्नीने पुनर्विवाह केला तर पदकाचा भत्ता बंद होई. तो चालू राहावयाचा तर तिने दिराशीच लग्न केले पाहिजे, अशी अट आपल्या देशात अनेक वर्षे होती. सरकारने ती २०१७ साली काढून टाकली. सरकारी कागदावरून गेलेली अट घरातूनही गेली काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. पैसा आला की सासर-माहेरात वाद आणि ती मुलगी मध्ये उभी, असे चित्र आपल्या कोणत्याही घरी दिसू नये. वीरपत्नी म्हणून व्यासपीठावर शाल घालावयाची आणि घरी तिच्या इच्छेला किंमत द्यावयाची नाही, हा सन्मान नव्हे. तिने पुन्हा संसार मांडावा की एकटीने राहावे, हा निर्णय तिचा. आणि तो कोणताही असो, ज्ञाती तिच्या पाठीशी उभी राहील, असे मंडळाने ठरावाने जाहीर करावे.

आपल्या ज्ञातीने इतकी माणसे दिली, अमक्या ज्ञातीने इतकी, अशी मोजदाद करण्याचा मोह अशा संमेलनात होतो. तो आवरावा, अशी आमची विनंती आहे. रणात पडलेल्या माणसांची चढाओढ लावावयाची नसते. उलट आपण असे पाहावे की भार नेहमी त्याच जिल्ह्यांवर, त्याच कोरडवाहू गावांवर आणि त्याच घरांवर का पडतो. आपल्यांतील जे सुस्थित आहेत त्यांनीही आपल्या मुलांना एकदा तरी विचारावे की, बाबा रे, तुला हा मार्ग घ्यावासा वाटतो काय? तो नको म्हणाला तर नको. पण प्रश्न त्या घरातही विचारला जावा.

पुढल्या वेळी कोणी आपल्यासमोर “तो स्वखुशीने गेला होता” असे म्हणेल, तेव्हा आपण शांतपणे उत्तर द्यावे की, होय, तो स्वखुशीने गेला होता. आणि म्हणूनच आपण त्याचे अधिक देणे लागतो. सक्तीने नेलेल्या माणसाचे आपण अपराधी असतो. स्वखुशीने गेलेल्याचे आपण ऋणी असतो. त्याने विडा उचलताना तबकात काय आहे हे पाहिले नाही, ते आपल्यावर विश्वास ठेवून. तो विश्वास राखणे आपल्या हाती आहे.